निम्म्या आरशातला पूर्ण चेहरा

आंघोळीनंतर आरशावर वाफ धरलेली असते, तेव्हा एक गोष्ट करून बघा. एक डोळा मिटा आणि आरशात दिसणाऱ्या आपल्या चेहऱ्याची कड बोटाने वाफेवर गिरवा. हनुवटीपासून कानाशेजारून कपाळापर्यंत आणि दुसऱ्या बाजूने परत खाली. मग बाजूला होऊन ती आकृती मोजा. ती तुमच्या चेहऱ्याच्या जवळजवळ निम्मी भरेल. आरशाच्या थोडे जवळ या किंवा हात पोचेल तितके मागे सरा, माप फारसे बदलत नाही. आरशातली प्रतिमा काचेच्या जितकी मागे असते तितकेच आपण काचेच्या पुढे असतो, काच दोघांच्या मधोमध. डोळ्याकडून प्रतिमेकडे जाणारी प्रत्येक रेषा अर्ध्या वाटेवर काचेला भेटते आणि काचेवर चेहरा निम्मा उमटतो. रोज सकाळी दात घासताना आपण हे बघतो आणि आयुष्यभर आपल्या लक्षात येत नाही!

याचाच दुसरा अर्थ असा, की नऊ इंचांचा चेहरा पूर्ण बघायला साडेचार इंचांचा आरसा पुरतो. तळकोकणातल्या दशावतारी नटाला हे कुणी शिकवावं लागत नाही. कार्तिकात सिंधुदुर्गातल्या आणि गोव्यातल्या गावोगावच्या जत्रा सुरू होतात. मग रात्री देवळाच्या आवारात, पडवीत नाहीतर कापडी आडोशामागे नटमंडळी आपापल्या ट्रंका उघडून बसतात. डाव्या हातात वीतभर आरसा आणि उजव्या हाताची बोटं रंगात. इथे रंगभूषेला वेगळा माणूस नसतो. राजा, राक्षस, नारद, राणी, ज्याने त्याने आपला चेहरा आपणच घडवायचा. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ ही म्हण या कलावंतांच्या कष्टांबद्दल आहे, पण त्यातला रात्रीचा राजा दुसरं कुणी तयार करून देत नाही, हे सांगायचं तिच्यात राहून गेलं आहे.

आपल्याच चेहऱ्यावर रंग चढवायचा, एक रंग दुसऱ्यात मुरवायचा, पुसायचा आणि पुन्हा लावायचा. हा सराव मला फार मोठी गोष्ट वाटते. त्यात रंगवणारा, रंगवला जाणारा आणि पहिला बघणारा एकच असतो. प्रकाश, त्वचा, डोळा आणि मेंदू यांच्याबद्दल शास्त्रज्ञांनी दोनशे वर्षांत जे शोधलं, त्यातलं पुष्कळसं या वीतभर आरशासमोर बसून हाताला कळू शकतं.

सुरुवात पांढऱ्यापासून करू. पंढरीच्या वाटेवर कपाळाला गोपीचंदनाचा टिळा लावतात. ओला असताना तो जेमतेम दिसतो, थोड्या वेळाने वाळला की ठसठशीत उठतो. त्यात नवीन काही पडलेलं नसतं, उलट पाणी उडून गेलेलं असतं. मग पांढरेपणा आला कुठून? प्रकाश एका माध्यमातून दुसऱ्यात शिरताना वळतो आणि त्यातला काही परत फिरतो. दोन माध्यमांत जितका फरक जास्त, तितका प्रकाश जास्त परततो. हा फरक अपवर्तनांकात मोजतात. हवेचा १, पाण्याचा १.३३, मातीच्या कणाचा साधारण १.५५. कणाभोवती पाणी असतं तोवर फरक थोडा, म्हणून प्रकाश कणांतून पार होऊन खालच्या त्वचेपर्यंत जातो आणि आपल्याला त्वचाच दिसते. पाणी गेलं, त्या जागी हवा आली, की प्रत्येक कणावरून प्रकाश सगळ्या दिशांना उधळतो. त्या उधळण्यालाच आपण पांढरा म्हणतो.

म्हणून तांदळाचं पीठ पाण्यात कालवून लावलं तर वाळल्यावर शुभ्र दिसतं आणि तेच तेलात कालवलं तर चेहरा नुसता तुकतुकीत होतो. तेल उडून जात नाही, आणि तेलाचा आकडा १.४७ च्या आसपास, म्हणजे पिठाच्या आकड्याला अगदी लागून. तेलात पांढरं राहायचं तर कणच जबरदस्त हवा. जस्ताच्या भस्माचा अपवर्तनांक सुमारे २ आणि आजच्या बहुतेक पांढऱ्या रंगांत असतं त्या टिटॅनियम डायऑक्साइडचा २.५ ते २.७. आपल्याकडच्या जुन्या रंगभूषेतला सफेदा याच जोरावर चेहरा झाकायचा. केरळच्या कथकळीत गालांच्या कडेने जी पांढरी कमान उभी करतात, ती चुट्टी, पूर्वी तांदळाचं पीठ आणि चुना यांच्या पाण्यातल्या लगद्याची असे. आता कागदही वापरतात. ते काम मात्र नट स्वतः करत नाही. तो पहिला रंग आरशात बघून स्वतः लावतो आणि मग जमिनीवर उताणा पडतो. चुट्टी चढवणारा कलावंत पुढचं काम करतो.

आता खरी गंमत. सावळ्या किंवा गव्हाळ त्वचेवर पांढरा रंग पातळ लावला तर तो पांढरा दिसत नाही, निळसर राखाडी दिसतो. उन्हाचं मलम लावल्यावर चेहरा राख फासल्यासारखा होतो, तो अनुभव बहुतेकांना असेल. रंगात निळं काहीच नसतं. पण बारीक कण निळा प्रकाश जास्त उधळतात आणि तांबडा कमी. तांबडा प्रकाश थर ओलांडून खाली जातो. तिथे गडद त्वचा असेल तर ती त्यातला बराचसा गिळते आणि परत येतो तो मुख्यतः निळा. खाली गोरी त्वचा किंवा पांढरा कागद असता तर तांबडाही परतला असता आणि हिशेब जुळला असता.

हेच गणित फार लांबवर पसरलेलं आहे. सह्याद्रीच्या दूरच्या रांगा निळ्या दिसतात त्या यामुळेच. गर्द डोंगर आणि आपण यांच्यामध्ये कैक मैलांची हवा असते, ती निळा प्रकाश उधळते आणि मागे काळोखी असल्याने तो उठून दिसतो. चुलीचा धूर काळ्या भिंतीपुढे निळा आणि उजळ आभाळापुढे तपकिरी दिसतो, तेही यानेच. आणि ताज्या दाढीचा हिरवट-निळा गाल? केस काळेच असतात. पण ते अर्धपारदर्शक त्वचेखाली गेले, की वरची त्वचा त्या पातळ पांढऱ्या थराचं काम करते. डोंगर आणि दाढी यांच्या निळाईचं कारण एकच आहे, हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी किती तरी वेळ स्वतःचा गाल आरशात बघत होतो.

रंगपटातले लोक या निळाईवर फार पूर्वीपासून उपाय करत आले आहेत. सफेदा कोरा लावायचा नाही, त्यात पिवडी आणि किंचित तांबडा घालायचा. दाढीच्या जागेवर आधी केशरी-तांबूस हात फिरवायचा आणि मग मूळ रंग चढवायचा. केशरी हा निळ्याचा विरोधी रंग. निळा जे परत पाठवतो ते केशरी शोषून घेतो, आणि मागे राहते ती त्वचेसारखी तटस्थ छटा. रात्री द्रौपदी किंवा तारामती व्हायचं असलेल्या पुरुष नटाचा पहिला सामना या निळाईशी असतो, पापण्या आणि ओठ नंतर.

पण जाड थर लावून त्वचा पूर्ण झाकली की दुसरं काहीतरी हरवतं. मोबाइलच्या दिव्यावर बोट ठेवा, बोट आतून लाल उजळतं. तांबडा प्रकाश त्वचेत काही मिलिमीटर आत जातो, रक्तातून आणि मांसातून भटकतो आणि भलत्याच जागेवरून बाहेर येतो. निळा मात्र वरच्या थरातच अडतो. जिवंत माणसाची कांती जी म्हणतात, ती या आत जाऊन आलेल्या प्रकाशाची असते. अपारदर्शक रंगाने ती वाट बंद होते आणि चेहरा भिंतीला चुना काढावा तसा कोरा होतो. म्हणून मूळ रंग चढवून झाला की गालांवर, पापण्यांच्या कडांना आणि कानांच्या पाळ्यांना तांबूस हात परत द्यावा लागतो. आधी झाकलेलं रक्त पुन्हा वर रंगवायचं! रंगभूषेत याहून सुंदर दुसरी कृती मला माहीत नाही.

रंग एकमेकांत मिसळण्याचं शास्त्र शाळेत शिकवतात, पण चेहऱ्यावर ते वेगळंच कळतं. रंगद्रव्य प्रकाशात भर घालत नाही, त्यातून काढून घेतं. कथकळीतल्या धीरोदात्त नायकांचा तो तेजस्वी हिरवा रंग परंपरेने हरताळ आणि नीळ खोबरेल तेलात खलून करत. पिवळा निळ्या प्रकाशाला खातो, निळा तांबड्याला खातो आणि दोघांच्या तावडीतून सुटतो तो हिरवा. आता त्यात तिसरा, लाल रंग टाकला तर तो हिरव्यालाही खातो आणि हाती चिखल उरतो. नवशिक्याचा चेहरा दहा मिनिटांत मातकट होतो, त्याचं कारण हेच. हात वाईट असतो असं नाही, चोळणं फार होतं. दोन रंग शेजारी ठेवून फक्त त्यांच्या सीमा एकमेकींत शिरू द्यायच्या असतात. त्यासाठी प्रत्येक रंगाला वेगळं बोट किंवा वेगळा कुंचला हवा, आणि रंग जुळवायला डाव्या हाताची पाठ. तिथली त्वचा साधारण चेहऱ्याच्याच रंगाची आणि उबेची असते, त्यामुळे तेलकट रंग तिथे मऊ होतो आणि चेहऱ्यावर कसा दिसेल ते आधीच सांगतो.

जर्मनीतला एक ऑपेरा गायक, लुडविग लाइख्नर, याने १८७३ मध्ये बर्लिनला तेलकट रंगाच्या कांड्या करून विकायला सुरुवात केली. त्याआधी युरोपातले नट कोरड्या भुकट्या वापरत, त्या घामाने ओघळत. लाइख्नरच्या कांड्यांना क्रमांक होते. इंग्रजी रंगभूमीवर पाच आणि नऊ हे दोन आकडे पिढ्यान् पिढ्या मंत्रासारखे चालत आले. पाच म्हणजे फिका हस्तिदंती, नऊ म्हणजे विटकरी. दोन्हींचे पट्टे चेहऱ्यावर ओढायचे आणि बोटांनी मुरवून आपल्याला हवा तो वर्ण चेहऱ्यावरच तयार करायचा. नाटक कंपनीतल्या प्रत्येकाच्या डबीत तेच दोन रंग, पण प्रत्येकाचं प्रमाण निराळं.

इथपर्यंत झाली रंगाची गोष्ट. आता आकाराची. त्यात तर सपाट थराने मेंदूला चक्क फसवायचं असतं.

उंचवटे आणि खळगे यांचं चित्र उलटं केलं तर उंचवट्यांच्या जागी खळगे दिसू लागतात. चंद्रावरच्या विवरांचं छायाचित्र फिरवून बघा, लगेच पटेल. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ मध्ये छायेवरून आकार कसा ओळखला जातो यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. आपला मेंदू प्रकाश वरून येतो आणि तोही एकाच दिशेने येतो, हे धरून चालतो, असं त्यांतून दिसलं. ज्याची वरची बाजू उजळ तो उंचवटा, ज्याची वरची बाजू गडद तो खळगा. सूर्य डोक्यावर असलेल्या जगात घडलेल्या डोळ्यांची ही पक्की समजूत. गालफडाच्या हाडाखाली गडद हात दिला की गाल बसलेला दिसतो आणि हाडावर उजळ हात दिला की ते वर येतं, ते या समजुतीच्या बळावर. हनुवटीखाली बॅटरी धरून पोरं एकमेकांना भिववतात, तेव्हा चेहरा तोच असतो, उजेड आणि सावली यांच्या जागा तेवढ्या बदललेल्या असतात.

एक सुरकुती जवळून बघू. आरशासमोर हसा. नाकपुडीच्या बाजूने ओठाच्या कोपऱ्याकडे जी घडी पडते, तिच्यात कुंचल्याने रेघ ओढा. रेघ काळी नको, तांबूस तपकिरी हवी. घडीच्या आत प्रकाश एका बाजूच्या त्वचेवरून दुसऱ्या बाजूला आपटत राहतो आणि प्रत्येक वेळी त्वचा त्यातला निळा-हिरवा भाग काढून घेते. म्हणून अंगावरच्या खऱ्या सावल्या काळ्या नसतात, त्या गडद तांबूस असतात. आता चेहरा सैल सोडा. रेघेची गालाकडची कड धारदार ठेवा आणि ओठाकडची कड बोटाच्या टोकाने अलगद ओढत विरवा, इतकी की ती कुठे संपली हे आपल्यालाही सांगता येऊ नये. मग धारेच्या वर, गालाच्या बाजूला, मूळ रंगापेक्षा दोन छटा उजळ असा पट्टा द्या आणि त्याचीही वरची कड विरवा. दोन पावलं मागे या. गाल ओघळून घडीवर आलेला दिसेल. हाताने चाचपलं तर तिथे काही नाही, आणि डोळा ते ऐकायला तयार नाही.

एक कड धारदार आणि एक विरलेली, यात सगळा जीव आहे. दोन्ही धारदार राहिल्या तर ती नुसती रेघ, दोन्ही विरल्या तर डाग. यामागचं कारण अर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये मांडलं. उजेड हळूहळू उतरत जाणारा पट्टा बघितला तर उतार जिथे सुरू होतो तिथे एक उजळ रेघ आणि जिथे संपतो तिथे एक गडद रेघ दिसते. प्रत्यक्षात तिथे रेघ नसते. डोळ्यातल्या पेशी शेजारच्या पेशींना दाबतात, त्यामुळे एकसारखा भाग दुर्लक्षिला जातो आणि बदल मोठा करून मेंदूकडे पाठवला जातो. म्हणून रंग नुसता पसरून चालत नाही. तो इतका हळू उतरवावा लागतो की उताराची सुरुवातच डोळ्याला सापडू नये. अनुभवी हात शेवटी दाब कमी करत करत सुटतो, तो याचसाठी.

जपानच्या काबुकी रंगभूमीवर हीच युक्ती उघडपणे मिरवतात. एदोमध्ये १६७३ साली पहिल्या इचिकावा दान्जुरोने लाल-काळ्या रंगांच्या जोरकस मुखरंगाने वीराची भूमिका केली. त्यातून पुढे कुमादोरी ही पद्धत घडली. पांढऱ्या चेहऱ्यावर स्नायूंच्या आणि शिरांच्या वळणांनी रेघा जातात. लाल म्हणजे शौर्य, निळा म्हणजे दुष्टता किंवा पारलौकिक, तपकिरी म्हणजे राक्षसी. प्रत्येक रेघेची एक कड कुंचल्याने ओढलेली राहते आणि दुसरी बोटाने पुसून विरवलेली. नट हे स्वतःच करतात. प्रयोग संपल्यावर कधीकधी रेशमी कापड चेहऱ्यावर दाबून रंगाचा ठसा घेतात आणि तो जपून ठेवतात. माणसाने आपल्याच चेहऱ्यावर काढलेलं चित्र चेहऱ्यावरून उतरवून घेतलेलं, असं ते कापड असतं.

आरशासमोर बसलेल्या नटाची मोठी अडचण अंतराची. त्याचं नाक काचेपासून वीतभर आणि त्याचा शेवटचा प्रेक्षक साठ-सत्तर फुटांवर. निरोगी डोळ्याला कोनाच्या एका अंशाचा साठावा भाग ओळखता येतो. २० मीटरवर त्याचा अर्थ जवळजवळ ६ मिलिमीटर. म्हणजे आरशात छान सुट्या दिसणाऱ्या दोन बारीक रेघा जत्रेतल्या मागच्या माणसाला एकच दिसतात. दशावतारी राजाच्या भुवया जवळून बघणाऱ्याला भडक वाटतात, त्या असतात मागच्या माणसासाठी आणि तिथून अगदी नेमक्या दिसतात. नाटक जवळून टिपलेल्या फोटोत बघून रंग जास्त झाला असं म्हणणाऱ्यांनी कृपया मागे जाऊन बसावं.

या अंतराचा उपयोगही करून घेता येतो. छिद्राळ स्पंजाने दोन रंगांचे ठिपके शेजारी-शेजारी टिपले, तर लांबून ते डोळ्यात मिसळतात. आणि हे मिसळणं बशीतल्या मिसळण्यासारखं नसतं. बशीत एक रंग दुसऱ्याचा प्रकाश खातो. डोळ्यात दोघांच्या प्रकाशाची सरासरी होते, आणि सरासरी चिखलापेक्षा नेहमीच उजळ असते. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८५० च्या दशकात रंगीत तबकड्या गरागरा फिरवून याचा पद्धतशीर अभ्यास केला. म्हणून म्हाताऱ्याचा किंवा शेतकऱ्याचा रापलेला चेहरा करायचा, तर तपकिरी फासण्यापेक्षा तांबडा, पिवळट, थोडा हिरवट असे ठिपके टिपणं चांगलं. तो चेहरा लांबून जिवंत राहतो.

अंतरासारखाच दिव्याचाही विचार करावा लागतो. समई, मशाल, कंदील यांच्या पिवळ्या उजेडात निळा भाग फार कमी असतो, म्हणून त्यात पिवळट आणि पांढरा यांतला फरक पुसट होतो आणि निळा काळ्याच्या जवळ जातो. उजेड अगदीच मंद झाला तर तांबडा रंग सर्वांत आधी काळवंडतो, हे यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने दोनशे वर्षांपूर्वी नोंदवलं. मशालीच्या जागी गॅसबत्ती आली, मग विजेचे दिवे आले, आता एलईडी आले. प्रत्येक वेळी चेहऱ्यावरच्या रंगांचं प्रमाण बदलावं लागलं. घरी सराव करतानाही ज्या उजेडात दिसायचं आहे त्याच उजेडात बसावं.

आणि आता मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड रसेल याने २००९ मध्ये एकाच चेहऱ्याची दोन छायाचित्रं शेजारी-शेजारी ठेवली. चेहरा धड बाईचा नाही, धड पुरुषाचा नाही, असा मधला. एका चित्रात डोळे-ओठ आणि बाकीची त्वचा यांच्यातला उजेड-काळोखाचा फरक वाढवलेला आणि दुसऱ्यात कमी केलेला. नाक तेच, हनुवटी तीच, पण पहिली बाई दिसते आणि दुसरा पुरुष! दृष्टिभ्रमांच्या एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्या चित्राला त्याच वर्षी पारितोषिक मिळालं. कारण असं, की एकाच समाजातल्या स्त्रियांची त्वचा सरासरीने पुरुषांपेक्षा किंचित उजळ असते, पण डोळे आणि ओठ यांच्या गडदपणात तितका फरक नसतो. त्यामुळे स्त्रियांच्या चेहऱ्यात हा विरोध जास्त असतो, आणि मेंदू आपल्याला न सांगता त्याचा हिशेब ठेवतो.

हे वाचलं आणि मला पुरुष नटांनी स्त्रियांच्या भूमिका करण्याची आपली सगळी स्त्रीपार्टी परंपरा आठवली. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, १८८८ मध्ये जन्मले. रंगमंचावरच्या त्यांच्या नेसण्या-माळण्याची नक्कल त्या काळच्या स्त्रिया करत. त्यात गळा, लकब आणि अभिनय यांचा वाटा मोठा, यात शंका नाही. पण चेहऱ्यापुरतं बोलायचं तर स्त्रीपार्टी नट काय करत आला? त्वचा उजळ आणि एकसारखी, डोळ्यांत काजळाची गडद रेघ, ओठ गडद, भुवया कोरीव. म्हणजे नेमका तो विरोध वाढवणं. दशावतारातले स्त्रीभूमिका करणारे नट आजही हेच करतात. प्रयोगशाळेने मोजायच्या कितीतरी आधी आपल्या नटांच्या बोटांना हे प्रमाण माहीत होतं, याचा मला मराठी माणूस म्हणून अभिमान वाटतो.

केरळात तेय्यम या देवतेचं रूप घेण्याच्या विधीत रंग आणि मुकुट चढल्यावर शेवटी कलावंताच्या हातात आरसा देतात. आरशात तो बघतो तो स्वतःला नाही, देवतेला, अशी तिथली श्रद्धा. इटलीतल्या जोव्हान्नी कापुतो या मानसशास्त्रज्ञाने २०१० मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. ५० जणांना मंद उजेडात आरशासमोर बसवलं आणि स्वतःच्या चेहऱ्याकडे १० मिनिटं टक लावून बघायला सांगितलं. दोन तृतीयांश लोकांना आपला चेहरा विचित्र बदललेला दिसला, काहींना अनोळखी माणूस दिसला, काहींना विलक्षण प्राणी. चेहरा रंगवलेलाही नव्हता. ज्याचा तासन् तास रंगवला गेला आहे, भक्तांनी आणि वाद्यांनी ज्याला वेढलं आहे, त्याला आरशात देव दिसतो यावर मला तरी हसू येणार नाही.

कुणाला करून बघावंसं वाटलं असेल, तर सुरुवात अर्ध्याच चेहऱ्यापासून करा. नाकाच्या मधून उभी सीमा धरा आणि एकच बाजू रंगवा. कोरी बाजू शेजारी असल्याने काय बदललं ते दर क्षणी दिसतं. एका बैठकीत एकच गोष्ट घ्या. आज फक्त गालाची सावली, उद्या फक्त ती हसरी घडी. काही वेळाने फोटो काढून बघा. आरशातल्या उलट्या चेहऱ्याची आपल्याला इतकी सवय असते की एक भुवई वर गेलेली तिथे दिसतच नाही. फोटोत डावं-उजवं सरळ झालं की चूक चटकन डोळ्यात भरते. घरातल्या कुणाला तरी खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं करून विचारा, त्यांचं उत्तर आरशापेक्षा खरं माना.

आणि एक गोष्ट अगदी कळकळीने. जुन्या काळच्या रंगांचं कौतुक करावं, ते वापरू नयेत. हिंगुळात पारा असतो, हरताळात आर्सेनिक, आणि एके काळच्या सफेद्यात शिसं. जपानी नटांना शिशाच्या पांढऱ्याने विषबाधा झाल्याची नोंद आहे. पोस्टर कलर, अॅक्रिलिक, होळीचे रंग चेहऱ्याला लावू नका, ते कितीही आकर्षक दिसोत. त्वचेसाठीच बनवलेले रंग घ्या आणि डोळ्यांजवळ लावायचा रंग डोळ्यांसाठी चालतो का ते डबीवर वाचा. तेलकट रंग पाण्याने निघत नाही. आधी खोबरेल तेल हलक्या हाताने लावून कापसाने टिपून घ्या, मग साबण. नवीन रंग पहिल्यांदा मनगटाच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. खाज किंवा लाली आली नाही, तरच तो चेहऱ्याला लावा.